दारू आणि यकृत : परिषदांतून आम्हाला जे कळले



गेल्या अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्यावर आम्ही लिहिले होते आणि या अंकात हुमणीवर लिहू असे कबूल केले होते. हुमणी पुढल्या अंकात घेऊ. मधल्या काळात काही गोष्टी अशा घडल्या की, ऊस विकास विभागाच्या या पानावर एकदा उसाऐवजी माणसाच्या यकृताबद्दल लिहावे असे मनाने घेतले. संपादक मंडळींना आधी विचारले. "तुम्ही काय डॉक्टर आहात का?" हा प्रश्न आलाच. नाही. आम्ही शेतकी पदविकेवर नोकरी करणारी माणसे. पण प्लॉटवर गेले म्हणजे नुसता ऊस दिसत नाही, उसाचा मालकही दिसतो. गेल्या 20 वर्षांत आमच्या नोंदवहीतून काही चांगल्या ऊस उत्पादकांची नावे पन्नाशीच्या आतच कमी करावी लागली. त्यांतली किती वयाने गेली आणि किती बाटलीने, हे गावात सर्वांना ठाऊक असते. बोलत कोणी नाही.

आम्ही मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, अलिबाग तालुक्यातले. आमच्या वडिलांच्या तोंडी जिल्ह्याचे नाव अखेरपर्यंत कुलाबाच राहिले. 1981 साली तो कागदोपत्री रायगड झाला. पोटासाठी आम्ही घाटावर आलो आणि इथलेच झालो. आमची थोरली बहीण रेवदंड्याकडे दिलेली. घरची वाडी, त्यात माड आणि सुपारी. भावोजी कष्टाळू माणूस. सांजच्याला माडी घ्यायचे. ताई बोलली की म्हणायचे, "दारू कुठं पितो मी? माडी हाय ती. झाडाचा रस."

झाडाचाच रस, यात खोटे काही नाही. पण सकाळी गोड असलेला तो रस दुपारपर्यंत आंबतो, आणि आंबला म्हणजे त्यात मद्यार्क आला. पुढे माडी कमी पडू लागली, मग देशी. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा काविळीचे झाडपाल्याचे औषध सुरू झाले. किनाऱ्यावर काविळीचे औषध देणारा गावोगाव भेटतो. दोन महिने त्यात गेले. एका रात्री रक्ताची उलटी झाली. जीप मिळाली, दवाखाना मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी भावोजी गेले. वय 51. कुठे किती वेळ गेला, कोण काय म्हणाले, हे इथे उगाळत नाही. ताईच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला : "काविळीनं माणूस रक्त कसं ओकतो?"

त्याचे उत्तर आम्हाला गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला मिळाले. ताईच्या दिराचा मुलगा मुंबईत पोटविकाराचा डॉक्टर आहे. तो सणाला आला होता. होड्यांची पूजा झाली, नारळ सोडून झाले, आणि पडवीत बसून त्याने आम्हाला दोन तास समजावून सांगितले. यकृताच्या डॉक्टरांच्या परिषदा भरतात, त्यांतून गेल्या पन्नास वर्षांत काय काय ठरले, हे सगळे त्याच्याकडून ऐकले. परिषद म्हटले की हारतुरे, ठराव आणि दुपारी जेवण, असेच आमचे मत होते. (आमच्या खात्याच्या परिषदांनाही आम्ही जातो, तेव्हा हे मत अनुभवाचे आहे.) पण या परिषदांच्या ठरावांवर माणसे जगतात-मरतात, हे त्या दिवशी कळले.

इटलीत एका तळ्याकाठी बावेनो नावाचे लहानसे गाव आहे. 1990 साली तिथे यकृताचे तज्ज्ञ जमले, ते एकाच प्रश्नावर बोलायला : यकृत कडक झालेल्या माणसाला रक्ताची उलटी का होते आणि ती कशी थांबवायची? पुढे साधारण दर पाच वर्षांनी ही बैठक होत आली. सातवी 2021 साली झाली. कोरोनामुळे ती पुढे गेली होती. भावोजींना जे झाले त्यावर जगातली माणसे तीस वर्षे एका गावाच्या नावाने परिषदा भरवीत आहेत, आणि आम्हाला त्या गावाचे नावही माहीत नव्हते.

भाच्याने सांगितले ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. आतड्यांतून अन्नाचा रस घेऊन निघालेले सगळे रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात जाते. हा मुख्य पाट समजा. यकृत म्हणजे आपल्या कारखान्याचे बॉयलिंग हाऊस. रस येतो, तिथे निवळतो, विष बाजूला होते, साखर साठवली जाते, मग पुढे रवाना. दारूने यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते, मग जखमा भरून येताना व्रण धरतात, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की मऊ यकृत गाठाळ आणि कडक बनते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1819 साली हे नाव दिले, यकृताच्या पिवळट-तांबूस रंगावरून. आता पाटाच्या तोंडाशी गाळ भरला, पण मागून पाणी येतच आहे, तर काय होईल? पाणी आडवाटेने फुटेल. रक्तही तसेच करते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारीक शिरा असतात, त्यांतून वाट काढते. त्या शिरा एवढ्या रक्ताला केलेल्याच नाहीत. त्या फुगतात आणि एके दिवशी बांध फुटतो. काही पाणी पोटाच्या पोकळीत पाझरते, म्हणून पोट मोठे होते. लोक म्हणतात, "पोटात पाणी झालं." पाणी पोटात दिसते, पण ते येते तुंबलेल्या पाटाचे.

बावेनोत ठरले ते असे : शिरा फुटण्याची वाट पाहायची नाही. दुर्बिणीने आधी बघायचे. फुगलेल्या शिरांना रबरी कडी घालून त्या बंद करता येतात. रक्तदाबासाठी वापरतात त्यांतल्या काही साध्या गोळ्या या पाटाचाही दाब उतरवतात. 2015 च्या बैठकीत तर असेही ठरले की, यकृताचा कडकपणा यंत्राने बाहेरून मोजून आणि रक्तातल्या प्लेटलेट मोजून काही रुग्णांची दुर्बीणही टाळता येते. भावोजींच्या बाबतीत यातले काही करायला दोन महिने हातात होते. ते झाडपाल्यात गेले. डोळ्यांची पिवळी ही रोगाची खूण आहे, तोच रोग नव्हे, हे आम्हीही तेव्हा ओळखले नाही. आम्ही रेड रॉट ओळखतो आणि हे ओळखले नाही, याची खंत आहे.

रेड रॉट म्हणजे लाल कूज ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर पटेल. वरून ऊस हिरवा. शेंड्याकडचे एखादे-दुसरे पान पिवळे. शेजारी म्हणतो, "पाणी कमी पडलंय." ऊस उभा चिरला की आत तांबडे, मधे पांढरे आडवे पट्टे, आणि वास घ्या : आंबूस, दारूसारखा. पान पिवळे पडते तोवर आतली पेरी गेलेली असतात. माणसाच्या यकृताचेही तसेच. त्याला दुखत नाही. निम्म्याहून जास्त बिघडले तरी ते काम रेटते. म्हणून "मला काय झालंय? मी दिवसभर मोळ्या उचलतो," असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरेच कळत नसते.

आता एक समज. आपल्याकडे आणि किनाऱ्यावरही तो सारखाच आहे : "खाऊन-पिऊन असला की दारू बाधत नाही. वर मटण खा, तूप खा, अंडी खा." यावर हसू नका, कारण मोठमोठे शास्त्रज्ञ हेच मानत होते. दारुड्याचे यकृत दारूने नव्हे, कुपोषणाने बिघडते, असे पूर्वी पुस्तकांत होते. दारुडा जेवत नाही, म्हणून यकृत जाते, असा तर्क. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स लीबर यांनी तो पडताळून पाहायचे ठरवले. त्यांनी माणसांवर आणि पुढे बबून जातीच्या माकडांवर प्रयोग केले. माकडांना पोषक आहार पुरेपूर दिला आणि सोबत मद्यार्क दिला. 1974 साली त्यांच्या गटाने जाहीर केले की, उत्तम खाऊनही काही माकडांना सिऱ्होसिस झाला. मटणाचा युक्तिवाद तिथे संपला. जेवल्याने दारू रक्तात सावकाश उतरते एवढेच; पण उतरते सगळी. कुपोषण असेल तर नुकसानीत भर पडते, हेही खरे. पण तुपाने यकृताचा विमा उतरत नाही.

मग किती प्याले तर बाधते? हा प्रश्न आम्ही भाच्याला विचारला, तसा तुम्ही आम्हाला विचाराल. जर्मनीचे डॉ. लेल्बाख यांनी 1975 च्या सुमारास पिणाऱ्यांचे हिशेब मांडून दाखवले होते की, रोज किती आणि किती वर्षे या दोहोंचा गुणाकार वाढत जाईल तसा सिऱ्होसिस वाढत जातो. अगदी अलीकडे, जून 2023 मध्ये, ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे युरोपातल्या यकृत-तज्ज्ञांच्या परिषदेत निरनिराळ्या देशांच्या डॉक्टरांनी मिळून यकृतातील चरबीच्या रोगांची नावे नव्याने ठरवली. त्यात एक आकडा आहे. मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट यांपैकी काही असून पुरुष रोज सरासरी 30 ते 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क घेत असेल, तर त्याच्या रोगाला दोन्हींचा मिळून झालेला रोग म्हणायचे. 60 ग्रॅमच्या वर गेला तर तो दारूचाच रोग. बाईला हे आकडे 20 ते 50. या मर्यादा रोगाला नाव देण्यासाठी आहेत, एवढी प्यायला परवानगी म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे की, निर्धोक अशी मात्राच दाखवता येत नाही.

60 ग्रॅम म्हणजे किती, हे आपण उसाचे वजन करतो तसे काट्यावर घालून पाहू. क्वार्टर 180 मिलिलिटरची. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूत मद्यार्क साधारण 42.8 टक्के. म्हणजे 77 मिलिलिटर. मद्यार्क पाण्याहून हलका, 1 मिलिलिटरला 0.79 ग्रॅम. गुणाकार करा. 61 ग्रॅम निघतात. रोजची एक क्वार्टर घेणारा माणूस "मी जास्त घेत नाही, झोपेपुरती घेतो" म्हणतो. व्हिएन्नाच्या काट्यावर तो वरच्या खान्यात बसला. आता बिअर. 8 टक्केवाली 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे 41 ग्रॅम. आमच्या कार्यालयातले तरुण मित्र बिअरला दारू मानत नाहीत, त्यांनी हा हिशेब मस्टरच्या मागे लिहून ठेवावा. शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच्या हिशेबाने मद्यार्क जाळते. क्वार्टर संपायला रात्र पुरत नाही आणि सकाळी सहाला ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या अंगात ती शिल्लक असते.

रोज पिणाऱ्या सर्वांनाच सिऱ्होसिस होत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही लगेच गावातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे उदाहरण द्याल. भारी पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. सिऱ्होसिसपर्यंत साधारण दहा ते वीस टक्के जातात. कोण जाणार हे आधी सांगता येत नाही. पाऊस कोणाच्या शेतात गारा टाकील हे जसे सांगता येत नाही, तसे. पण चरबीच्या पायरीवर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येते, आणि सिऱ्होसिस झाल्यावरही जो थांबतो तो न थांबणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. याबाबत कोणत्याही परिषदेत मतभेद नाही.

बाकीच्या अवयवांचे थोडक्यात सांगतो. स्वादुपिंड सुजून मधुमेह होतो. म्युनिकच्या बिअर पिणाऱ्यांची हृदये फुगलेली असतात, हे 1884 सालीच बॉलिंगर यांनी लिहून ठेवले. मेंदूचे वेर्निके यांनी 1881 साली सांगितले. ते ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होते. आणि कर्करोगाबाबत, संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1988 साली दारूला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीला बसवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत. पुढे मोठे आतडे आणि स्तनही त्यात आले.

यकृत बदलता येते, असे कोणी म्हणेल. येते. अमेरिकेत बेथेस्डा येथे जून 1983 मध्ये एक मोठी परिषद भरली आणि यकृत बदलणे हा आता प्रयोग राहिला नाही, तो उपचार आहे, असे तिथे ठरले. दारुड्याला द्यायचे की नाही यावर तेव्हापासून वाद आहे. पुष्कळ ठिकाणी सहा महिने दारू सोडून दाखवा मग बघू, असा दंडक पडला. 2011 साली फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी निवडक रुग्णांत सहा महिने न थांबता यकृत बसवून ते वाचवून दाखवले, तेव्हा वाद पुन्हा पेटला. आपल्या देशात 1994 चा कायदा झाल्यावर 1998 साली दिल्लीत पहिले यशस्वी यकृत बसले. पण खाजगी दवाखान्यात खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. यकृताचा तुकडा बहुतेकदा घरातलेच कोणी देते, मुलगा किंवा बायको. दोन एकरवाल्याने हा हिशेब कोणत्या हंगामाच्या बिलातून भागवायचा?

आता आपल्या अंगणातले. किनाऱ्यावरच्या दारूचा इतिहास जुना आहे. इंग्रजांच्या काळी उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. 1878 च्या अबकारी कायद्याने माडीच्या झाडांवरचे कर बसले, आणि 1892 साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला. फुले गोळा करण्यावरही सरकारची नजर! कारण कुलाब्यात दारूचा कच्चा माल झाडावरून पडत होता. आज खाडीच्या चिखलात, तिवरांच्या आडोशाला ज्या हातभट्ट्या पकडल्या जातात, तिथे कच्चा माल मोह नसतो. तिथे पिंप असते, नवसागर असतो आणि काळा गूळ असतो. गूळ रेवदंड्याच्या खाडीत पिकत नाही. तो कुठून उतरतो, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. आपल्या भागात खराब झालेला गूळ "जनावरांसाठी" म्हणून जो टेम्पो घेऊन जातो, त्याला एकदा विचारा की किती जनावरे आहेत.

आणि कारखान्याचे काय? मळी आपली, आसवनी आपली. मद्यार्काचे काही पैसे तुमच्या ऊसदरात येतात आणि काही आमच्या पगारात. हे लपवण्यात अर्थ नाही. इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते तेवढे बरे. 2025 साली देशात 20 टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. मोटारीला यकृत नसते. पण बाकीचा मद्यार्क बाटलीत जातो आणि फिरून आपल्याच गटात येतो. यावर उपाय आमच्यासारख्या अधिकाऱ्याच्या हातात नाही. दुकान बंद करायला महिलांच्या मतदानाची, आडव्या बाटलीची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि काही गावांनी ती वापरली. दुकान गेले की हातभट्टी येते, असेही लोक सांगतात. मुंबईत विक्रोळीला 2004 साली आणि मालवणीला जून 2015 मध्ये विषारी दारूने काय झाले ते आठवते. मालवणीत शंभरावर माणसे गेली. तिथे मारणारा मिथेनॉल होता, तो आधी डोळे घेतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो, ती. आमच्या एका गटात एक सभासद आहेत. नाव सांगत नाही; वाचले तर त्यांना कळेलच, आणि लिहिण्याआधी आम्ही त्यांना विचारले आहे. तीन एकर ऊस, 86032. एकदा एकरी 80 टन काढून बक्षीस घेतलेला माणूस. परवाच्या नव्हे, त्याआधीच्या फाल्गुनात त्यांची पत्नी गट कार्यालयात आली. म्हणाली, "साहेब, बिल यांच्या खात्यात नका घालू. आठ दिवसांत संपतं." आम्ही नियम सांगितला. बिल सभासदाच्याच खात्यावर जाते. ती काही न बोलता उठून गेली. नियम बरोबर होता. आम्हाला रात्री झोप लागली नाही.

नारळी पौर्णिमेला भाचा बोलता बोलता म्हणाला, "मामा, आम्ही रुग्णाला रोज सही करायला लावतो. यकृताने न गाळलेले विष मेंदूला चढू लागले की पहिली सही बिघडते. चांदणी काढायला सांगितली तर टोके जुळत नाहीत." ते डोक्यात राहिले. परत आल्यावर आम्ही फायली काढल्या. ऊस नोंदीच्या फॉर्मवर सभासदाची सही असतेच. त्या सभासदाचे पाच वर्षांचे फॉर्म टेबलावर ओळीने मांडले. पहिल्या वर्षी आडनावाला वळणदार शेपटी. तिसऱ्या वर्षी शेपटी नाही. पाचव्या वर्षी अक्षरे ओळ सोडून खाली घसरलेली. पाच वर्षे आम्हीच ते फॉर्म तपासून बरोबरची खूण केलेली होती. उसाची जात, लागणीची तारीख, क्षेत्र, सगळे बघितले होते.

ते पाच फॉर्म घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. उपदेश केला नाही. फॉर्म पुढे ठेवले आणि त्यांना बघू दिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही माझी सही नव्हे." मग स्वतःच म्हणाले, "माझीच हाय." पत्नीने सांगितले की, त्यांनी गणपतीत दोन दिवस एकदम सोडून पाहिली होती, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसू लागले, अंग थरथरू लागले, घाम सुटला, आणि लोकांनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. पुन्हा एक घोट दिल्यावर शांत झाले.

इथे सर्वांनी नीट लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम थांबवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. कोंडून ठेवणे हा उपाय नाही. दवाखान्यात चार-पाच दिवस औषधाच्या आधाराने उतरवावे लागते, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ब-1 द्यावे लागते. दुसरे, "न कळत चहातून द्या" अशा जाहिरातींच्या पुड्या. त्यांत काय असते ते देणाऱ्याला माहीत नसते. दारू सोडवण्याच्या काही खऱ्या गोळ्या अशा आहेत की, वर दारू पडली तर रक्तदाब कोसळतो. त्या रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायच्या असतात. तिसरे, पिणाऱ्याने अंगदुखीला पॅरासिटॅमॉल मनाने खाऊ नये. बिघडलेल्या यकृताला ती जड जाते. आणि काविळीला झाडपाला घ्यायच्या आधी रक्त तपासा. नंतर काय घ्यायचे ते घ्या.

हे सभासद दसऱ्यानंतर दाखल झाले. दुर्बीण झाली. शिरा फुगलेल्या निघाल्या. कडी घातली, गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर आठवड्याने एकदा ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला जातात. ही मंडळी मुंबईत 1957 पासून आहेत, फी घेत नाहीत. पुण्यात 1986 सालापासून मुक्तांगण आहे, तिथेही आपल्या कार्यक्षेत्रातले दोघे राहून आले आहेत. 2019 साली सरकारने एम्सकडून केलेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले होते की, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे 37 आपल्यासारख्यांच्या गावात असतात.

मधे जानेवारीत त्यांचा एकदा पाय घसरला. तोडणी चालू होती, टोळीचा हिशेब होता, संध्याकाळी मुकादमाबरोबर बसले. दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात गेले. हे लिहू का विचारले तर म्हणाले, "लिहा. नाहीतर लोकांना वाटंल मी देव झालो." बिलाचा प्रश्न त्यांनीच सोडवला; पत्नीसह संयुक्त खाते काढले आणि नियमाप्रमाणे अर्ज स्वतःच्या सहीने दिला. असा अर्ज कोणत्याही सभासदाला देता येतो. फॉर्म गट कार्यालयात आहेत, कारण विचारले जात नाही.

यंदाच्या आडसाली नोंदीचा त्यांचा फॉर्म परवा आमच्या टेबलावर आला. क्षेत्र 1 एकर 20 गुंठे, लागण 12 जुलै, जात 86032, बेणे स्वतःच्या मळ्यातले. खाली सही. आडनावाची शेपटी अजून पहिल्यासारखी नाही, पण अक्षरे ओळीवर आहेत.